चर्चा: सेफ्टी रेझर शिकवताना ‘३० अंश’ सांगणं बंद करावं का?

रंकाळा_वेस
नवीन पोरगं सेफ्टी रेझर (सुटं दुधारी ब्लेड बसवायचा) घेतंय म्हटलं की सगळे एकच सांगतात, ‘ब्लेड ३० अंशात धर.’ माझ्या मते हे सांगणं बंद करावं. आरशासमोर, फेस लावलेल्या गालावर, टोपीखाली (ब्लेडवरच्या झाकणाखाली) लपलेल्या धारेचा कोन कुणालाच दिसत नाही. जे दिसत नाही ते मोजायला सांगून काय उपयोग?

त्यापेक्षा असं शिकवा. रेझरची टोपी कल्ल्याखाली सपाट गालावर टेकवा, दांडी गालाशी काटकोनात. या स्थितीत रेझर खाली ओढला तरी काहीच कापलं जात नाही, कारण धार कातडीपर्यंत पोचलेलीच नसते. आता टोपी गालावरून न उचलता दांडीचं टोक थोडं थोडं खाली आणा आणि प्रत्येक वेळी दोन सेंटिमीटरचा छोटा हात मारा. एका ठिकाणी खुंट कापल्याची बारीक खरखर सुरू होते. तिथेच थांबा, आणखी खाली जाऊ नका. नळ बंद ठेवा, नाहीतर आवाज ऐकू येणार नाही.

उद्यमनगर_टर्नर
पद्धत बरोबर, पण आकड्यावरचा राग चुकीचा आहे. ३० अंश हा आकडा ठीकच आहे, तो कशापासून मोजायचा तेवढंच कुणी सांगत नाही. सगळा घोळ तिथं आहे.

ब्लेड रेझरमध्ये सपाट बसत नाही. टोपी आणि खालची प्लेट त्याला दाबून कमानीसारखं वाकवतात. ब्लेडची जाडी फक्त ०.१ मिलिमीटर, वाकवून आवळल्याशिवाय त्याला ताठपणा येत नाही. किंग जिलेट यांना १९०४ साली पेटंट मिळालं त्या रेझरपासून हेच तत्त्व चालत आलंय. म्हणजे दांडीचा कोन वेगळा आणि धारेचा कोन वेगळा.

हिशोब बघा. समजा एका रेझरमध्ये ब्लेडची कड १५ अंश वाकते. दांडी काटकोनापासून ४५ अंश खाली आणली, तर ४५ वजा १५, धार कातडीशी ३० अंशात. आता ज्याने ‘दांडी गालाशी ३० अंश’ असं समजून घेतलं, त्याची दांडी काटकोनापासून ६० अंश खाली गेली. धार ४५ अंशात, म्हणजे गाल खरवडणार. आणि ज्याने ‘काटकोनापासून ३० अंश खाली’ असं समजून घेतलं, त्याची धार जेमतेम १५ अंशात. केस वाकतील, कापले जाणार नाहीत. एकाच वाक्याचे तीन अर्थ आणि तीन वेगळ्या दाढ्या.

लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) टूल बांधताना हेच असतं. टूल पडून बसलं की घासतं, जास्त उभं झालं की खातं आणि थरथरतं.

रंकाळा_वेस
मग माझाच मुद्दा पक्का झाला की, दादा. १५ च्या जागी दुसऱ्या रेझरमध्ये ब्लेड २५ अंश वाकत असेल, तर दांडी तेवढीच ठेवूनही धार २० वर येते. रेझर बदलला की आकडा बदलला. नवख्याच्या हातात कुठला रेझर आहे हे सांगणाऱ्याला माहीत तरी असतं का?

गंगावेस_तालीम
दोघांशीही सहमत नाही. ‘खरखर आली की थांबा’ ही अर्धी गोष्ट आहे. धारेचा कोन जास्त उभा झाला की आवाज आणखी मोठा येतो, आणि नवखा माणूस मोठ्या आवाजाच्या मागे लागतो. गळ्यावरचे केस मऊ, तिथे बरोबर कोनातही आवाज फारसा येत नाही. मग तो दांडी खाली खाली नेतो आणि गळा सोलून घेतो.

दुसरं, राठ दाढीवाल्याला रेझर टोपीवर टेकवून चालवायला सांगितलं की खुंट राहतात. खुंट राहिले की तो दाबतो. दाबलं की ब्लेड आणि त्याच्याखालची पट्टी (प्लेटची कड) यांच्यातल्या फटीत कातडी फुगून वर येते. मग कोन कितीही नेमका असला तरी धार खोल जाते. दाढी केल्यावरची आग, लाल पुरळ आणि मानेवर आत वळलेले केस यामागे बऱ्याचदा हा दाबच असतो.

माझं मत असं: सौम्य रेझर घ्यावा, फट साधारण अर्धा मिलिमीटर. मग टोपी आणि खालची पट्टी दोन्ही एकाच वेळी कातडीला टेकतील तिथून सुरुवात करावी आणि किंचित पट्टीकडे झुकावं, म्हणजे दांडी थोडी आणखी खाली. दांडी मुठीत नाही, शेवटाला दोन बोटं आणि अंगठ्यात. रेझरचं वजन आहे तेवढाच भार. तीन हात: पहिला केसांच्या दिशेने, दुसरा आडवा, तिसरा उलटा. उलटा हात पहिले काही आठवडे मारूच नये.

उद्यमनगर_टर्नर
दाबाचं एकदम मान्य. पट्टीकडे झुकायचं मात्र मान्य नाही. पट्टीकडून चूक झाली तर ती कातडीवर होते, टोपीकडून चूक झाली तर केस राहतात. राहिलेला केस पुन्हा फेस लावून काढता येतो. नवख्याला ज्या बाजूची चूक परवडते ती बाजू शिकवावी. फट एक मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असलेला रेझर असेल तर पट्टीचं नावच काढू नका.

शाहूपुरी_५
कोनावर भांडण्याआधी ब्लेड सरळ बसलंय का ते कुणी बघितलं? तीन भागांचा रेझर असेल तर टोपी उलटी धरा, ब्लेड लांबीच्या टोकांना धरून खिळ्यांवर ठेवा, वर प्लेट, मग दांडी. आवळताना टोपी आणि प्लेट बोटांनी एकमेकांवर दाबून धरा. मग उजेडात समोरून बघा. दोन्ही बाजूंना ब्लेड सारखंच बाहेर दिसलं पाहिजे, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखं. तिरकं असेल तर एक बाजू सौम्य आणि दुसरी चावरी, मग कोन शिकणार कसा? हात तोच असून दर वेळी वेगळा अनुभव येतो आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देतो. वरून दारं उघडणाऱ्या रेझरमध्ये दारं मिटल्यावर गुंडी नीट आवळलेली हवी, सैल राहिली तर ब्लेड हलतं.

आणि पाणी. बोअरचं जड पाणी असेल तर साबण फुटतो, फेस कोरडा होतो, रेझर अडकत अडकत चालतो. असा अडकलेला रेझर हातात कोन चुकल्यासारखाच लागतो. साबण थोडा जास्त घ्या, ब्रश ओला ठेवा, फेस चमकदार आणि पातळसर हवा. पिण्याच्या पाण्याचा एक मग दाढीला घेतला तरी फरक कळतो.

पापाची_तिकटी
सपाट गालावर सगळ्यांचंच जमतं हो, जबड्याचं बोला. कोन सुटतो तो तिथे. गालावरून जबड्याच्या हाडाखाली येताना मनगट जसंच्या तसं राहतं, पण कातडी वळते. त्यामुळे धार आपोआप उचलली जाते आणि फक्त टोपी टेकून राहते. हाडावर रेझर थांबवा, उचला, दुसऱ्या हाताने गालाची कातडी वर ओढा म्हणजे जबड्याखालचा भाग हाडावर येतो, आणि तिथे पुन्हा टोपी टेकवून नव्याने कोन धरा. हनुवटीवर एक सेंटिमीटरपेक्षा लांब हात नको.

मिशी राखणाऱ्यांसाठी वेगळं. मिशीची खालची रेघ काढताना टोपी धारेच्या पुढे येऊन रेघ झाकते. रेघ आधी कात्रीने काढून घ्यावी. मग वरचा ओठ दातांवर ताणून, टोपी टेकवून रेघेपासून खाली ओठाकडे हात मारावा, वर मिशीकडे नाही.

गंगावेस_तालीम
जबड्याचं बरोबर. टोपी की पट्टी याचा निकाल मात्र बोलून लागणार नाही. नव्या माणसाने एकच नवीन ब्लेड लावावं, उजवा गाल टोपीवर आणि डावा पट्टीकडे, फक्त केसांच्या दिशेने एकच हात. थंड पाण्याने धुऊन ओली तुरटी फिरवावी. जिथे झोंबेल तिथे कातडी खरवडली गेली.

रंकाळा_वेस
चालेल, पण दुसऱ्या दाढीला गाल बदलायचे. उजव्या हाताने दाढी करणाऱ्याला डाव्या गालावर मनगट वळवावं लागतं, तिथे कोन तसाही बिघडतो. आणि तुरटीसोबत सुक्या बोटांनी खालून वर हात फिरवून खुंट किती राहिले तेही बघायचं, नाहीतर काहीच न कापणारी बाजू जिंकेल.