आपलंच घर, आपलीच नोकरी पडद्यावर: अलीकडे काय पाहिलंत?

"अलीकडे काय पाहिलंस?" "अमुक." "कसा आहे?" "बरा आहे, एकदा बघायला हरकत नाही." झालं, विषय संपला! म्हणून या वेळी एक अट. जे पाहिलंत त्यात तुमचं काम, गाव किंवा तुमच्या घरात घडलेलं काही असेल, तर तेवढंच लिहा. खरं-खोटं तुम्हालाच कळणार. जुनं चालेल. शेवट मात्र फोडू नका.

माझ्यापासून सुरुवात. ‘साबर बोंडं’ पाहिला. आमच्याकडे दुपारचा एकच खेळ, प्रेक्षक सात. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. दिग्दर्शक रोहन कानवडे यांनी हे स्वतःच्या अनुभवातून रचलंय. दोन वर्षांपूर्वी मीही ते दहा दिवस काढलेत. भेटायला आलेले नातेवाईक चहाचा कप खाली ठेवायच्या आत "आता लग्नाचं बघा" म्हणतात, ते अगदी तसंच. पार्श्वसंगीत अजिबात नाही. सुतकाच्या घरात टीव्ही बंद असतो तेव्हा जे जे ऐकू येतं, तेवढंच. आनंद आणि गावातल्या बाळ्याचं प्रेम कुणाला समजावून सांगत बसलेले नाहीत, आणि आईला ते ठाऊक असणं तर फार सुंदर. संथ आहे. नवरा मध्ये वीसेक मिनिटं झोपला होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.

*

मी ग्रामसेवक. हल्ली पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालंय, पण गावाला आम्ही भाऊसाहेबच. ‘पंचायत’ या हिंदी वेब मालिकेचं पहिलं पर्व तिसऱ्यांदा पाहिलं, या वेळी बायकोसोबत.

आधी त्यातलं खोटं सांगतो. सचिवजीकडे (म्हणजे तिथला ग्रामसेवक) एकच गाव आणि मुक्काम कार्यालयात! माझ्याकडे दोन ग्रामपंचायती. एका गावात असेन, तर दुसऱ्या गावातून फोन येतो, "भाऊसाहेब, कुठं हाय?" सचिवजी कागद हातात घेऊन निवांत बसलेला दिसला की बायको माझ्याकडे बघायची. घरपट्टीच्या वसुलीला मार्चमध्ये दारोदार फिरणं, ते कुठाय?

त्यातलं खरं म्हणजे प्रधान (आपल्याकडे सरपंच) मंजूदेवी आणि कारभार नवऱ्याचा. आमच्याकडे त्याला सरपंचपती म्हणतात. मासिक सभेत सही बाईंची, आवाज साहेबांचा. 26 जानेवारीसाठी मंजूदेवी राष्ट्रगीत पाठ करते तो भाग बघताना मी हसलो नाही. आमच्या एका सरपंचबाई निवडून आल्यावर वर्षभर गप्प होत्या. एका सभेत नवरा सहीसाठी कागद पुढे सरकवत होता, तर म्हणाल्या, "भाऊसाहेब, आधी वाचून दाखवा." नवऱ्यानं खुर्ची मागं ओढली. त्या दिवसापासून इतिवृत्त वाचल्याशिवाय सही नाही. माझं काम वाढलं, पण असू दे.

गोष्टीतलं फुलेरा उत्तर प्रदेशातलं, चित्रीकरण मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यातल्या महोडियाचं. पुढच्या पर्वांत राजकारण फार आणि कार्यालय कमी झालं. मी तिसऱ्यानंतर थांबलो.

*

वरचं वाचून राहवलं नाही. मी निवृत्त बेलिफ. समन्स आणि नोटिसा बजावण्यात 31 वर्षं गेली. नातवानं चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ लावून दिला, म्हणाला, "आजोबा, तुमचं ऑफिस बघा."

गटारात उतरलेल्या कामगाराच्या मृत्यूसाठी एका शाहिराच्या गाण्याला जबाबदार धरतात, असा खटला. वादविवाद, टेबलावर मूठ आपटणं, काही नाही. सगळं पुढच्या तारखेसाठी चाललेलं. एका बाईंनी बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून न्यायाधीश त्यांचं प्रकरण त्या दिवशी घेतच नाहीत. नातवाला हे अतिशयोक्त वाटलं. मला नाही. नुसत्या तारखेसाठी दोन एसट्या बदलून आलेली माणसं जिन्यावर डबा उघडून जेवताना मी रोज पाहिली आहेत.

सरकारी वकील बाई (गीतांजली कुलकर्णी) घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, ते मला सगळ्यात पटलं. कोर्टात एखाद्याला वर्षानुवर्षं आत ठेवण्याची मागणी करणारं माणूस घरी अगदी साधं असतं. शाहीर झालेले वीरा साथीदार 2021 मध्ये कोरोनानं गेले, हे नातवाकडून कळलं. मग पुन्हा त्यांचीच गाणी लावली.

*

त्याच ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’ मी न्यू जर्सीत पाहिला. शनिवारी इथल्या मुलांना गाणं शिकवते. शास्त्रीय गाणं शिकणारा शरद रात्री मोटरसायकलवरून जाताना कानात माईंची, म्हणजे गुरूंच्या गुरूंची, जुनी व्याख्यानं ऐकतो. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे हे कळल्यावर ती दृश्यं परत पाहिली. मेहनत केली तरी गळा साथ देईलच असं नाही, हे वर्गात पालकांना सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही. ज्यांनी गाणं अर्ध्यावर सोडलंय त्यांनी जरा जपून बघा.

*

‘दशावतार’. माझो आजो दशावतारी नाटकात संकासूर करी, म्हणान बघूक गेलंय. दिलीप प्रभावळकर 81 व्या वर्षी हे करतात, तिथे हात जोडले. तोंडाला रंग लावताना आरशात बघणारा म्हातारा दिसला आणि मला आजोबांचा पेटारा आठवला. खाणीचा मुद्दाही आमच्या जिव्हाळ्याचा. उत्तरार्धात मात्र आवाज फार. खऱ्या नाटकात रात्री दोन वाजता पेटी आणि मृदंग एवढ्यावर अंगावर काटा येतो की!

*

मुंबईत नर्स आहे, नाईट करून आल्येय, त्यामुळे थोडक्यात. पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’, मुंबईतल्या नर्सची गोष्ट. ड्युटी संपल्यावर पाय कसे टाकले जातात, ते या बाईनं नीट पाहिलंय. त्यातल्या नर्सला परदेशी गेलेल्या नवऱ्याकडून बोलणं नाही, नुसता राईस कुकर येतो. आमच्या हॉस्टेलवर असा एक मिक्सर होता, दोन वर्षं खोक्यातच. छाया कदमच्या पार्वतीकडे राहत्या खोलीचा कागद नाही म्हणून ती रत्नागिरीकडे परत जाते. आमच्या वॉर्डातल्या मावशी हा भाग बघून म्हणाल्या, "माझ्याकडे लाइट बिल आहे, चालेल का गं?"