मदत हवी आहे: ७६ वर्षांच्या आईला रेडिएशन द्यावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडला असतो. आईला अंघोळ करताना डाव्या स्तनात बोराएवढी गाठ लागली. "दुखत नाही ना, मग कशाला सांगायचं?" म्हणत तिनं दोन महिने अंगावर काढले. तपासणीत स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं. गाठ दीड सेंटीमीटर, काखेतल्या गाठी स्वच्छ, म्हणजे तिथे आजार पसरलेला नाही. ईआर पॉझिटिव्ह (इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढणारा कॅन्सर), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन वाढलेलं नाही). लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी सुरू आहे.

घोडं अडलंय रेडिएशनवर. एक डॉक्टर म्हणतात घ्याच, दुसरे म्हणतात या वयात गोळी पुरे. ६५ च्या पुढच्या, अशाच छोट्या गाठीच्या बायकांवरची प्राइम-२ चाचणी वाचली. १० वर्षांत त्याच स्तनात आजार परतला तो रेडिएशनशिवाय ९.५ टक्के, रेडिएशन घेऊन ०.९, जगण्यात मात्र फरक नाही. पण रेडिएशन टाळलं तर गोळी चुकवून चालणार नाही, आणि या गोळीनं हाडं ठिसूळ होतात. आईचं मनगट गेल्याच वर्षी मोडलंय.

पुण्यात कोणाच्या आई-सासूबाईंनी पाच दिवसांचं रेडिएशन घेतलंय का? थकवा किती आला? लेट्रोझोलवर सांधे धरले तर काय केलंत? दोन जिने उतरून रोज रिक्षा करायची आहे, म्हणून विचारते. हळद-गोमूत्राचे उपाय कृपया नकोत, ते आत्यानं आधीच पाठवलेत.