बूटलोडर नंतर, आधी पाच व्होल्ट बघा

दादा, तुमच्या आर्डुइनो ऊनो बोर्डाचा हिरवा दिवा मंद लागतोय, प्रोग्राम अपलोड करताना 'नॉट इन सिंक' ही चूक येतेय, आणि तुम्ही थेट बूटलोडर (यूएसबीवरून प्रोग्राम घेणारा चिपमधला छोटा प्रोग्राम) टाकायला निघालात. जरा थांबा. मंद दिवा म्हणजे बोर्डाला वीजच पुरत नाहीये.

इथे सोलापुरात अक्कलकोट रोडला एका मागावर टॉवेल मोजायला असाच बोर्ड लावला होता मी. एका दुपारी गप्प! डबी उघडली तर आत सुताचं तूस गादीसारखं साचलेलं, आणि रेग्युलेटरला (व्होल्टेज ५ वर आणणाऱ्या भागाला) बोट लावलं तर चटकाच बसला. ५ व्होल्टच्या पिनवर मीटर दाखवी २.९. सगळ्या वायरी काढून नुसती यूएसबी ठेवली, तर ४.९. बोर्डाला जोडलेलं रिले मॉड्यूल (विजेवर चालणारा स्विच) शॉर्ट होतं, बोर्ड बिचारा निर्दोष. यूएसबीच्या वाटेवर ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज असतो, तो तापला की अडवतो. गार होऊ द्या.

व्होल्टेज नीट आलं, तरी अपलोड नाही? रिसेट ग्राउंडला जोडा, ० आणि १ पिन एकमेकांना जोडा, आर्डुइनो सॉफ्टवेअरच्या सीरियल मॉनिटरमध्ये (बोर्डाशी मजकुराने बोलायच्या खिडकीत) काहीही टाइप करा. तेच परत आलं तर यूएसबीची बाजू ठणठणीत.

मग दुसरा ऊनो घ्या, त्यात 'आर्डुइनो आयएसपी' हे स्केच (प्रोग्राम) टाका, म्हणजे तो प्रोग्रामर बनून दुसऱ्या बोर्डाची चिप थेट लिहू शकेल. त्याची १० नंबरची पिन आजारी बोर्डाच्या रिसेटला. ११, १२, १३ सरळ त्याच नंबरांना. शिवाय ५ व्होल्ट आणि ग्राउंड. स्केच टाकून झाल्यावरच (माझी अर्धी रात्र इथेच गेली) प्रोग्रामर बोर्डाच्या रिसेट-ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावा, उणे टोक ग्राउंडला. मग सॉफ्टवेअरमधून 'बर्न बूटलोडर'. सिग्नेचर (चिपचा ओळख-क्रमांक) सगळी शून्यं आली, तर आधी वायरी तपासा.

मीटरचं रीडिंग इथे टाका, पुढचं बघू.