मदत हवी आहे: सासूबाईंचं पहिलं मतदान, न्यू जर्सी प्रायमरी

आम्ही एडिसनला राहतो. सासूबाई ७१ वर्षांच्या, नुकत्याच इथल्या नागरिक झाल्यात. १० जून २०२५ च्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, त्यांना मत द्यायचंच आहे. एकट्या डेमोक्रॅटिक पक्षातच सहा उमेदवार! मी सगळी नावं देवनागरीत लिहून फ्रिजवर लावलीत. सकाळच्या चहाला त्या एकेका नावावर बोट ठेवून वाचतात.

त्यांची नोंदणी कुठल्याच पक्षात नाही. केंद्रावर पक्ष निवडता येतो, मग त्याच पक्षात नोंद होते, आणि नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत मत कुणालाही देता येतं, एवढं कळलंय. पण इंग्रजी वाचणं त्यांना जड जातं, म्हणून मला सोबत आत जायचंय. आपल्या आईवडिलांना असं कुणी नेलंय का? तिथे आधी काय सांगावं लागतं, सही कुणाची घेतात? आणि पक्षाची नोंद नंतर कशी काढलीत? कृपया सांगा, त्यांचं हे मत वाया जायला नको.