विषय: वारीचं प्रदर्शन – फोटो नक्की किती लावायचे?

प्रेषक: प्रदर्शन समिती

नमस्कार मंडळी,

31 घरांतून 140 फोटो आले आहेत. पाठवणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. आषाढी एकादशीच्या आठवड्यासाठी इथल्या जर्मन वाचनालयाने त्यांच्या कॉरिडॉरची एक सलग भिंत आपल्याला दिली आहे. टेप लावून मोजली, 24 मीटर भरली. आपल्या फ्रेम 70 सेंटीमीटर रुंद आहेत. दोन फ्रेममध्ये 40 सेंटीमीटर मोकळी जागा धरली आणि सुरुवातीला पालखीमार्गाच्या नकाशाचा फलक लावला, तर विसाच्या आसपास फोटो बसतील. यावर आपलं मत कळवा.

---

प्रेषक: एक सभासद

दिलेत फोटो, तर प्रत्येक घराचा निदान एक तरी लागायला हवा. लोकांनी कपाटं उपसून जुने अल्बम काढले आहेत. 31 लावा, दोन ओळींत लावा, पण कुणाला वगळू नका.

---

प्रेषक: एक सभासद

माझं मत 28. विठोबा अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे, त्याच्या प्रदर्शनाला याहून चांगला आकडा कुठला?

---

प्रेषक: प्रदर्शन समिती (निवडीचं काम करणारी)

ताई, दादा, दोघांच्याही भावना पोचल्या. मला मात्र आकडा आधी ठरवून मग फोटो शोधणं पटत नाही.

अठ्ठावीसचा हिशोब करून पाहिला. 28 फ्रेमची रुंदीच 19.6 मीटर होते. नकाशाला जागाच सोडली नाही तरी दोन फ्रेममध्ये जेमतेम 16 सेंटीमीटर उरतात. एका फोटोवर नजर ठरायच्या आत शेजारचा खेचून घेतो. दोन ओळी केल्या तर खालची ओळ वाकून बघावी लागते, आणि गर्दीत कुणी वाकत नाही. मागे गणपतीत आपण 64 फोटो लावले होते. लोक निम्म्यात पोचले की मान फिरवून चहाकडे वळत होते. मी तिथे उभी राहून पाहिलंय.

आता आलेल्या फोटोंबद्दल. 140 पैकी 43 दिवे घाटाचे आहेत, तेही वरून घेतलेले: वळणावळणाचा रस्ता, पताका, मुंगीसारखी माणसं. सुंदर आहेत, पण दुसरा पाहिला की पहिल्याचा जोर कमी होतो. उलट नीरेवरच्या माउलींच्या पादुकांच्या स्नानाचा एकच फोटो आहे. काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्या धावतात, त्याचे दोन. मुक्कामाच्या रानात दोरीवर वाळत घातलेली नऊवारी लुगडी, मागे दिंडीचा ट्रक, त्याला टांगलेले स्टीलचे तांबे, हाही एकच, आणि माझ्या मते सगळ्या गठ्ठ्यात हाच सगळ्यात बोलका. इथल्या जर्मन माणसाला वारी म्हणजे काय हे ठाऊक नाही. लाखभर डोकी एकदम दाखवण्याआधी एका माणसाचे पाय दाखवा, तो कुठे जेवतो, कुठे दाढी करून घेतो ते दाखवा. मग चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण त्याला कळेल, नाहीतर नुसता धावणारा घोडा दिसेल.

जास्त फोटो लावूच नयेत, असं माझं म्हणणं नाही. लक्झेंबर्गमधल्या क्लेरवोच्या किल्ल्यात ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे फोटोंचं प्रदर्शन आहे, आपल्यातले काही जण जाऊन आले आहेत. एडवर्ड स्टायकेन यांनी 1955 साली न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ते मांडलं तेव्हा 68 देशांतले 503 फोटो होते. पण तिथे जन्म, खेळ, काम, मरण असे गट आहेत, मोठे-लहान आकार आहेत, खोलीमागून खोली आहे. आपल्याकडे एकच भिंत, आणि येणारा माणूस पुस्तक परत करायला आलेला. त्याची दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ.

उरलेले फोटो टेबलावरच्या अल्बममध्ये राहतील, घराचं नाव आणि वारीचं वर्ष घालून. त्यात 31 घरं नक्की असतील.

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

माझा एकच फोटो आहे. 1974 साली वाखरीच्या तळावर माझ्या मामाने साध्या कॅमेऱ्यातून काढलेला. आईच्या डोक्यावर तुळस आहे. मान हलल्यामुळे चेहरा पुसट आलाय. बाकीचे इतके स्वच्छ आहेत की हा लावा म्हणायला संकोच वाटतो. अल्बममध्ये ठेवलात तरी चालेल.

---

प्रेषक: प्रदर्शन समिती (निवडीचं काम करणारी)

काका, तुमचा फोटो भिंतीवर लागतो आहे.

काल आम्ही चौघांनी सगळे फोटो पोस्टकार्डाएवढे छापून दिवाणखान्यातल्या सतरंजीवर मांडले. पहिल्या फेरीत 52 उरले, दुसरीत 27. मग प्रत्येकाने एकेक उचलून विचारायचं ठरवलं, “हा काढला तर वाटेतलं काय जातं?” उत्तर आलं नाही की तो अल्बमात. रात्री अकराला 19 राहिले. त्यानंतर कुणालाच एकही उचलता येईना. दिवे घाटाचा एकच आहे.

तुमच्या आईंचा चेहरा पुसट आहे खरा, पण वृंदावनाला धरलेली उजव्या हाताची बोटं अगदी स्पष्ट आली आहेत, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या. तो मोठा केला तर फुटेल, म्हणून मूळ आकारातच छापतोय. त्याच्याआधी दीड मीटर भिंत कोरी ठेवली आहे. चालत आलेला माणूस तिथे थांबेल आणि जवळ जाऊन बघेल. त्यानंतर फक्त चंद्रभागेचा एक फोटो.

ताई, भिंतीवर चौदा घरं आली आहेत. अल्बमची मांडणी तुम्ही कराल का? तुमच्याइतक्या आस्थेने ते दुसरं कुणी करणार नाही.

निवडलेल्या फोटोंची यादी सोबत जोडली आहे. ज्यांचे फोटो आहेत त्यांनी मूळ फाइल रविवारपर्यंत ईमेलने पाठवावी, व्हॉट्सअ‍ॅपवरून नको, छापताना फुटते. काका, तुम्ही मूळ प्रिंट टपालाने पाठवू नका. मी शनिवारी घरी येऊन स्कॅन करून घेते.