काकांच्या पीसीत दोन बिऱ्हाडं

‘बी विंग रहिवासी’ ग्रुप, शनिवार सकाळ

*काका, ३०४:* मंडळी, एक अडचण. माझा पीसी २०१६ चा. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि ११ यावर चढत नाही. दुकानदार म्हणतो नवीन घ्या. पीसीला तर काही झालेलं नाही!

*मयूर, ६०१:* काका, प्रोसेसर सहाव्या पिढीचा असेल. ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा लागतो. मशीन मुळीच टाकू नका. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकू, तीही पीसी चालवणारी सिस्टिमच, पण फुकट.

*काका, ३०४:* लिनक्स नको रे बाबा. मंडळाच्या स्मरणिकेच्या १५ वर्षांच्या फाइली जुन्या मराठी फॉन्टात आहेत. ते सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं.

*मयूर, ६०१:* म्हणून तर दोन्ही ठेवायचं, एकाच हार्ड डिस्कवर. पीसी लावला की यादी येते, हवं ते निवडायचं. स्मरणिका विंडोजवर, तीही नेटची वायर काढून. बँक आणि मेल मिंटवर.

*ताई, १०२:* एका ब्लॉकमध्ये दोन बिऱ्हाडं 😄

*सेक्रेटरी:* कमिटीची एनओसी घ्या. आणि टँकर ११ ला येतोय, गेटसमोरच्या गाड्या काढा.

*मयूर, ६०१:* काका, आधी स्मरणिकेचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. ते झाल्याशिवाय मी हात लावणार नाही. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम, ६० जीबी मोकळे करा. मोकळी जागा तशीच सोडा. मिंटचा पेनड्राइव्ह मी आणतो.

*काका, ३०४:* जागा मोकळी झाली. तिथे न्यू व्हॉल्यूम केलं तर ‘डायनॅमिक डिस्क करू का’ विचारतोय. यस देऊ?

*मयूर, ६०१:* नको नको नको!! नो करा. तशीच सोडा म्हटलं होतं ना काका 🙏 आलोच.

*ताई, १०२:* काय झालं?

*मयूर, ६०१:* थोडक्यात वाचलो. डिस्कच्या कप्प्यांची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीची निघाली. तिच्यात प्रायमरी, म्हणजे मुख्य, कप्पे चारच करता येतात. पीसी जोडणाऱ्याने सिस्टिम रिझर्व्ह्ड, सी, डी, ई असे चारही करून ठेवलेत. त्यामुळे मिंटला मोकळे ६० जीबी दिसतात, पण पुढे ‘अनयूजेबल’ लिहून येतं. डायनॅमिक केलं असतं तर लिनक्स बसवणं अजूनच अवघड झालं असतं.

*डॉक्टर, ५०३:* मग उपाय?

*मयूर, ६०१:* ई मध्ये फक्त लग्नाचे व्हिडिओ होते. ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी केले, उघडून पाहिले, मग ई उडवला. चौथी जागा सुटली. तिथे एक्स्टेंडेड कप्पा केला. त्याच्या पोटात लॉजिकल कप्पे हवे तेवढे होतात आणि लिनक्सला तेही चालतात. विंडोजला चालत नाही, ते प्रायमरीवरूनच सुरू होतं. नव्या मशीनवर जीपीटी ही नवी पद्धत असते, तिथे ही भानगड नाही. पण तिथे बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर विंडोज दारातच अडवतं.

*काका, ३०४:* दोन्ही चालू झालं! मयूर पोहे खाऊन गेला. फक्त डी ड्राइव्ह मिंटमध्ये उघडतो, पण त्यात सेव्ह होत नाही.

*मयूर, ६०१:* विंडोजचं फास्ट स्टार्टअप राहिलं. ते चालू असेल तर शटडाऊन केलं तरी विंडोज पुरतं झोपत नाही, ड्राइव्ह अडवून बसतं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तिथे बंद करा.

रविवार

*काका, ३०४:* मयूर, घात झाला! विंडोज लावलं तर सकाळी १० वाजता घड्याळात साडेचार. व्हायरस?

*काकू, ३०४:* मी म्हणतच होते, चांगल्या चालत्या पीसीला हात लावू नका.

*मयूर, ६०१:* काकू, व्हायरस नाही 😄 बरोब्बर साडेपाच तास मागे आहे ना? मशीनच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहून ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजून दाखवतं. मिंटला स्थानिक वेळ पाळायला सांगणारी एक ओळ आहे, संध्याकाळी येऊन टाकतो.

*ताई, १०२:* मयूर, आमचा लॅपटॉप पण २०१७ चा आहे...

*मयूर, ६०१:* ताई, आधी बॅकअप. मग पोहे.