मदत हवी आहे: पीएचडीसाठी गाइड निवडताना प्राध्यापकांचं काम नेमकं कसं बघायचं? (रसायनशास्त्र, पुणे)

नमस्कार मंडळी,

ऑरगॅनिकमध्ये एमएस्सी झाली आणि सीएसआयआर नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्तीही मिळाली. गाव बार्शी, सध्या कोथरूडला राहते. पीएचडी पुण्यातच करायची हे ठरलंय. पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) एकमेकांना लागून, पलीकडे गणेशखिंडीत विद्यापीठ. केमिस्ट्रीसाठी आणखी कुठे जायची गरजच वाटत नाही. घरात या वाटेनं कोणी गेलेलं नाही, म्हणून इथे विचारतेय.

दोन ठिकाणी मुलाखती झाल्या, दोन्हीकडून होकार आहे. (नावं, संस्था मुद्दाम देत नाही, कृपया अंदाजही बांधू नका.) एक सर खूप सिनियर, टोटल सिंथेसिससाठी (नैसर्गिक रेणू लॅबमध्ये मुळापासून बनवणं) ओळखले जाणारे, निवृत्तीला चारेक वर्षं उरलेली. दुसऱ्या मॅडम नुकत्याच परदेशातून येऊन असिस्टंट प्रोफेसर झाल्यात, फोटोरेडॉक्स कॅटॅलिसिस करतात, म्हणजे प्रकाशाच्या जोरावर रिअ‍ॅक्शन घडवतात. निळ्या एलईडीच्या उजेडात चालणाऱ्या रिअ‍ॅक्शन मला मनापासून आवडतात. पण तेवढ्यावर पाच वर्षं कशी द्यायची?

संस्थेच्या पानावरच्या 'रिसर्च इंटरेस्ट'मधून काही कळत नाही. ऑरगॅनिक सिंथेसिस, कॅटॅलिसिस, मेडिसिनल केमिस्ट्री हे तीन शब्द जवळपास प्रत्येकाच्या नावापुढे आहेत. मग मी शोधगंगावर (पीएचडी प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध काढले. नुसत्या अनुक्रमणिका ओळीनं वाचल्या तरी चित्र बदललं. आधीच्या प्रबंधांत एखादा नैसर्गिक लॅक्टोन पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत बनवलेला दिसतो. अलीकडच्या प्रबंधांत एकाच सांगाड्यावर वेगवेगळे गट लावून केलेली संयुगं आणि त्यांची जैविक चाचणी. म्हणजे सरांचा विषय कधीच पुढे सरकलाय, पानावर मात्र जुनंच आहे. आता तिथे गेले तर मला टोटल सिंथेसिस मिळणार की नाही?

मॅडमच्या बाबतीत अडचण वेगळी. त्यांच्याकडून अजून कुणाची पीएचडी पूर्णच झालेली नाही, त्यामुळे वाचायला प्रबंध नाहीत. पेपर चांगल्या जर्नलमधले आहेत, पण बहुतेकांत करस्पाँडिंग ऑथरची (पेपरची मुख्य जबाबदारी असलेल्या लेखकाची) चांदणी त्यांच्या पोस्टडॉकच्या गाइडच्या नावावर. त्यातलं त्यांचं स्वतःचं डोकं किती, हे बाहेरच्यानं कसं ओळखायचं? एच-इंडेक्स (पेपर किती आणि त्यांचे संदर्भ इतरांनी किती दिले यावरचा आकडा) लावून पाहिला, पण तीस वर्षं काम केलेल्या माणसाशी नव्या माणसाची तुलना त्यावरून करणं मला बरोबर वाटत नाही.

आणि खरी धास्ती ही, की गाइडचा विषय आयुष्यभर चिकटतो असं सगळे म्हणतात. या वाटेनं गेलेल्यांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

---

प्रतिसाद:

ताई, अभिनंदन. मी पाषाणलाच पीएचडी केली, आता हिंजवडीत फार्मा आर अँड डीत आहे. तुम्ही अनुक्रमणिका वाचल्यात ते फार उत्तम केलंत. त्याच प्रबंधांत आणखी एक बघा: नोंदणीचं वर्ष आणि सादर केल्याचं वर्ष. कुणाला किती काळ लागला ते तिथेच कळतं.

सरांचं आधी. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. सरांची चारेक उरलीत, म्हणजे ते जेमतेम तुम्हाला घेऊ शकतात. निवृत्तीनंतर ते सहमार्गदर्शक म्हणून राहू शकतात, तेही वयाच्या सत्तरीपर्यंतच. म्हणजे शेवटच्या वर्षात, ऐन प्रबंध लिहिताना, तुमचा मुख्य गाइड दुसराच कोणीतरी असेल. तो कोण, हे आजच विचारा आणि नोंदणीच्या वेळीच सहमार्गदर्शक म्हणून त्याचं नाव घालून घ्या. सर उद्या मोठ्या मनानं 'बघू' म्हणतील. 'बघू'वर राहू नका.

मॅडमच्या यादीत त्यांच्या जुन्या गाइडचं नाव नसलेला एखादा पेपर शोधा, एकच असला तरी चालेल. तो नीट वाचा आणि भेटीत त्यावरच प्रश्न विचारा, 'हा सब्स्ट्रेट (ज्यावर रिअ‍ॅक्शन केली ते संयुग) का घेतलात' इतका साधा. उत्तर देताना माणूस खुलला तर काम त्याचं स्वतःचं आहे. दुसरं म्हणजे पैसा. फोटोरेडॉक्सला वापरतात ते इरिडियमचे कॅटॅलिस्ट महाग असतात. स्वतःची ग्रँट हातात आली आहे की अजून अर्ज केलाय, हे विचारण्यात संकोच नको. पहिल्या बॅचचं पहिलं वर्ष लॅब उभी करण्यातच जातं. व्हॅक्यूम लाइन जोडा, सॉल्व्हंट डिस्टिलेशन लावा, एनएमआर मशीनच्या (रेणूची रचना तपासायचं यंत्र) स्लॉटसाठी भांडा. पण हे सगळं ज्याला येतं त्याला कंपनीत वेगळा मान असतो, हे मी रोज बघतो.

दोन्ही लॅबमध्ये संध्याकाळी सहानंतर जाऊन या, गाइड नसताना. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलांशी चहाला बसा. त्यांच्या नावावर पहिला लेखक म्हणून पेपर आहे का आणि गाइड मसुदा किती दिवसांत वाचून परत देतात, एवढं विचारा.

विषय चिकटण्याबद्दल: डॉ. माशेलकरांची पीएचडी मुंबईच्या यूडीसीटीत, प्रा. एम. एम. शर्मांकडे, १९६९ ची, केमिकल इंजिनिअरिंगमधली. मग इंग्लंडात सॅल्फर्ड, आणि १९७६ ला एनसीएलमध्ये आल्यावर पॉलिमर. नाव झालं ते पॉलिमरमुळे. पीएचडीतून सोबत येते ती प्रश्न हाताळायची शिस्त. ती ज्या लॅबमध्ये कडक, तिथे जा.

---

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. सहमार्गदर्शकाचा मुद्दा मला कुणीच सांगितला नव्हता. सरांना उद्याच मेल करते. मॅडमचा एक पेपर सापडलाय, जुन्या गाइडचं नाव नसलेला. आज रात्री वाचायला घेते.

एकच राहिलं. नव्या लॅबमध्ये पहिल्या बॅचला गेलेलं इथे कोणी आहे का? ग्रँट यायला उशीर झाला तर केमिकलच्या खर्चाचं तुमच्याकडे काय झालं, आणि जेआरएफसोबत मिळणारी कंटिंजन्सी (संशोधनाच्या किरकोळ खर्चाची रक्कम) त्यात कितपत पुरली?